माझ्या नवऱ्याला देईन का?

टिपणीस काकूंकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो होतो. पुण्याहून आदल्याच दिवशी सिंगापूरला परतलो होतो आणि एका मित्राच्या आईने त्यांना भेटायला बजावून सांगितलं होतं. काकूंनी पुडा हातात घेतला, तोंडभर हसल्या आणि मी बूट काढेपर्यंत त्या खोक्याच्या सहाही बाजू वाचून काढल्या.

"पॅकिंगची तारीख इथे छापलेली असते," त्या म्हणाल्या, "आणि दुकानाचं लेबल नेमकं तिच्यावरच चिकटवलंय. का बरं चिकटवलं असेल?"

मी म्हटलं, लेबल कुठेतरी चिकटवावं लागतंच.

"तेच म्हणते मी. कुठेही चिकटवता आलं असतं."

मग त्यांनी नखाने लेबल हळूच सोलून काढलं. खाली तारीख होती आणि ती अगदी ताजी होती. त्यामुळे त्या थोड्या हिरमुसल्याच. पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "बसा. काय करता आपण?"

मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायचो. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं काम चुकीचंच आहे असं धरून चालायचं आणि ते सिद्ध करायचा पगार घ्यायचा. हे ऐकल्यावर काकूंचा चेहरा उजळला. "अगंबाई, म्हणजे तू आमच्यातलाच," त्या म्हणाल्या. 'आपण'वरून 'तू'वर यायला त्यांना दीड मिनिट लागलं. पुढची चार वर्षं मी त्यांच्या घरातलाच होतो.

त्या बेडोकमधल्या सरकारी ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर राहायच्या. मी त्याच ब्लॉकमध्ये खाली चौथ्या मजल्यावर आणखी दोघांबरोबर भाड्याने राहत होतो. काकू मूळच्या ठाण्याच्या. मुंबईत फार्मसी शिकून लग्नानंतर सिंगापूरला आलेल्या. काका गोदीत इंजिनिअर होते. काकू एका रुग्णालयाच्या औषधांच्या खिडकीत लागल्या आणि चढत चढत सरकारी रुग्णालयांसाठी औषधं खरेदी करणाऱ्या खात्यात पोचल्या. कंपन्यांबरोबर बसून भाव ठरवायचे, हे त्यांचं काम. विशेषतः म्हाताऱ्या माणसांना जन्मभर लागणारी औषधं. कोणतं औषध सवलतीच्या यादीत घ्यायचं, कोणतं नाही, ते ज्या टेबलावर ठरायचं त्या टेबलाच्या एका बाजूला टिपणीस काकू असायच्या. मी भेटलो तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या, पण सल्लागार म्हणून त्यांना अजून बोलावणं यायचं.

दिसायला त्या लहानखुऱ्या होत्या. सुती साडी, पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. पिशवीत स्वतःच्या चहाचा थर्मास. कंपनीवाल्यांचा चहा त्यांनी तीस वर्षांत कधी घेतला नाही. पेन नाही, कॅलेंडर नाही, दिवाळीची मिठाई नाही, चिनी नव्या वर्षाची संत्रीही नाहीत. संत्री परत करणं तिथे अपशकुनाचं समजतात, म्हणून त्या संत्री घ्यायच्या आणि तेवढीच आपल्या पिशवीतून काढून समोरच्याच्या हातात ठेवायच्या. संत्र्यांच्या मोसमात पिशवी फार जड व्हायची.

"इथे पाणी मुरतंय" हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याने दोन मिरच्या जास्त घातल्या की पाणी मुरायचं. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी आपण होऊन भांडी घासायला उठला की पाणी मुरायचं. बेडोकच्या बाजारात मासळीवाला त्यांना "इन्स्पेक्टर" म्हणायचा. त्या सुरमईचे कल्ले उचलून बघायच्या, डोळा बघायच्या, वास घ्यायच्या आणि एवढं करून भाव मात्र कधीच करायच्या नाहीत. तो सांगेल ते पैसे द्यायच्या. मी एकदा विचारलं, जगाशी भाव करता, ह्याच्याशी का नाही?

"त्याला पहाटे काय भावाने पडली ते मला ठाऊक नाही. समोरच्याला माल कितीला पडलाय हे माहीत नसताना भाव करू नये. ती भीक मागणं झालं."

कंपन्यांना माल कितीला पडतो हे तुम्हाला कसं कळायचं, असं मी विचारलं तर त्या फक्त हसल्या.

त्यांची खरी कला मी त्यांच्याच तोंडून ऐकली. कंपनीचे लोक परदेशातून यायचे, तिघं-चौघं, भारी सूट घातलेले. पडद्यावर रंगीत आलेख दाखवायचे. सगळं सांगून झालं की भाव सांगायचे. मग सगळे काकूंकडे बघायचे. काकू तेव्हा औषधाचं खोकं हातात घ्यायच्या आणि वाचायला लागायच्या. एक बाजू, दुसरी, तिसरी. घटक, बॅच नंबर, कारखान्याचा पत्ता. खोली गप्प असायची. चौथ्या बाजूला त्या आल्या की समोरचा माणूस घसा साफ करायचा. पाचव्या बाजूला तो म्हणायचा, अर्थात ह्यात थोडं इकडेतिकडे करता येईल.

"काय वाचायचात एवढं?" मी विचारलं.

"काही नाही रे. वाचण्यासारखं असतं काय त्यावर? पण त्याला वाटतं, हिला काहीतरी सापडलंय. आणि प्रत्येक खोक्यात सापडण्यासारखं काहीतरी असतंच."

पण भाव पाडणं हे अर्धंच काम. स्वस्त औषध मिळालं तरी ते चांगलं आहे का, ह्यावर समितीत घोळ चालायचा. डॉक्टर एक म्हणायचे, हिशेबनीस दुसरंच. अशा वेळी काकू एकच प्रश्न विचारायच्या. त्या खात्यात तो प्रश्न त्यांच्या नावाने ओळखला जायचा. सगळे कागद वाचून झाले की त्या चष्मा काढून मोठ्याने म्हणायच्या, "हे मी माझ्या नवऱ्याला देईन का?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायच्या. हो म्हणाल्या की औषध यादीत. नाही म्हणाल्या की पुन्हा कागद.

काका हे सगळं शांतपणे ऐकायचे. उंच, सावळे, मितभाषी गृहस्थ. गोदीतल्या आवाजाने एक कान गेला होता. रोज सकाळी ते पेपर मोठ्याने वाचायचे आणि काकू भाजी चिरता चिरता प्रत्येक बातमीवर संशय घ्यायच्या. "माझ्या नावावर सरकारात अनेकदा 'हो' म्हटलं गेलंय," काका म्हणायचे, "मला कुणी विचारलेलं मात्र आठवत नाही."

आपल्या लोकांची एक खोड काकूंना मुळीच खपायची नाही. पुण्याला कुणी निघालं की मंडळात कुजबूज सुरू व्हायची. येताना आईच्या रक्तदाबाच्या चार पट्ट्या, सासऱ्यांच्या साखरेच्या गोळ्या. बॅगेत भाजणी, मेतकूट, चकल्या आणि मधे औषधं. इथे बाहेरून आलेल्यांच्या आईवडिलांना सवलत नसते, तिकडे औषध स्वस्त, म्हणून हा सगळा खटाटोप. मीही एकदा एका मित्रासाठी आणल्या. काकूंनी त्या पट्ट्या पाहिल्या आणि मला अर्धा तास उभं करून झापलं. ही गोळी कुठल्या कारखान्यातली, तिथे कोण तपासतं, बॅगेत ऊन किती लागलं. मी म्हटलं, काकू, मग गरिबाने काय करायचं? "त्याच्यासाठीच तर मी भांडते," त्या म्हणाल्या. मला ते तेव्हा शंभर टक्के पटलं.

आता मॅडम लिमविषयी सांगायला हवं. काकूंच्या समोरच्या घरात राहणारी ही चिनी विधवा. कपडे आखूड-लांब करून देण्यात तिचा जन्म गेला होता. सत्तरी उलटली तरी ब्लॉकमधल्या मुलींच्या शाळेच्या गणवेशाची टीप तीच घालायची. मुलगा कॅनडात. काकू तिला "लिम" म्हणायच्या आणि ती काकूंना "निमा". दोघींची मैत्री शेवग्याच्या शेंगांवरून झाली होती असं काका सांगायचे, पण ती हकीकत दोघीही वेगवेगळी सांगायच्या. रोज संध्याकाळी ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत दोघी दगडी टेबलाशी बसायच्या. ह्या एका बाईवर काकूंनी कधी संशय घेतलेला मी पाहिला नाही.

२०१४च्या सुमाराला डोळ्यांच्या एका औषधाची भानगड सुरू झाली. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि नजर मधोमध पुसट होत जाते, त्यावर डोळ्यातच टोचायचं इंजेक्शन. एका कंपनीचं औषध खास त्याच कामासाठी बनवलेलं, आणि भलतं महाग. दुसरं एक औषध मुळात कॅन्सरवरचं. त्याची मोठी बाटली आणून रुग्णालयात छोट्या छोट्या सुयांमध्ये भरायची, की तेच काम थोडक्या पैशात होतं. जगभरचे डॉक्टर ते वापरत होते. महागड्या औषधाची कंपनी म्हणत होती, हे धोक्याचं आहे. काकूंना त्यांच्या काळजीत पाणी मुरताना दिसत होतं.

त्या टेबलाशी काकू सहा महिने बसल्या. कंपनी भाव उतरवेना. शेवटी काकू म्हणाल्या, नको तुमचं औषध. स्वस्त औषध सवलतीच्या यादीत गेलं. महागडं ज्याला हवं त्याने पदरचे पैसे घालून घ्यावं. ह्या बैठकीतही त्यांनी चष्मा काढला होता आणि तो प्रश्न विचारून "हो" म्हटलं होतं. हे त्यांनी मला फार समाधानाने सांगितलं. सुरमईच्या तुकड्या तळत होत्या आणि सांगत होत्या.

वर्ष उलटायच्या आत काकांना पेपरातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या.

आधी त्यांनी छपाईला दोष दिला. मग व्हरांड्यातल्या खिडकीचे गज मधे फुगलेले दिसायला लागले. इंजिनिअर माणूस, त्यांनी पट्टी लावून गज मोजला आणि तो सरळ निघाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. काकूंना त्यांनी हे सगळं झाल्यावर सांगितलं. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता, म्हणून मी रजा टाकून बरोबर गेलो.

डॉक्टर तरुण चिनी मुलगी होती. तिने डोळ्याचा फोटो दाखवून शांतपणे समजावलं. उजवा डोळा, तोच आजार, महिन्याला एक इंजेक्शन, लवकर सुरू केलं तर नजर टिकेल, उशीर केला तर वाचणं जाईल. औषधं दोन आहेत. सवलतीतलं चांगलं आहे, मी सगळ्यांना तेच सुचवते. दुसरं हवं असेल तर तेही आहे, खर्च तुमचा.

तिला काकू कोण आहेत हे माहीत नव्हतं.

काकूंनी विचारलं, त्या दुसऱ्याचं खोकं बघायला मिळेल का? नर्सने आणून दिलं. काकूंनी ते वाचायला सुरुवात केली. एक बाजू, दुसरी, तिसरी. ह्या वेळी त्या खरोखरच वाचत होत्या. ओठ हलत होते. डॉक्टर थांबली. सहावी बाजू वाचून झाल्यावर काकू म्हणाल्या, "हे."

काका त्यांच्याकडे वळले. "निमा, अगं पण तूच तर—"

"अहो, तुम्ही गप्प बसा."

पहिलं इंजेक्शन लगेच दिलं आणि आम्ही टॅक्सीने परतलो. काकांच्या डोळ्यावर पट्टी होती. बेडोक आलं तेव्हा काकू पुढच्या सीटवरून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे बाहेर बोलायचं नाही."

मी मान डोलावली, पण मला त्यांचा राग आला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नवऱ्यांना ही बाई काय देत होती? माझ्यातला टेस्टर जागा झाला. जे जे त्यांनी सांगितलं होतं ते मी मनात पुन्हा उलटून पाहायला लागलो. थर्मास, संत्री, सगळंच मला नाटकी वाटायला लागलं.

दोन दिवसांनी मी ते बोलूनही दाखवलं. काका झोपले होते, काकू मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, काकू, समितीत तर तुम्ही हो म्हणालात.

"म्हणाले." मेथीच्या काड्यांवरून त्यांचे हात फिरत राहिले. "तेव्हा ह्यांचे डोळे चांगले होते रे."

"म्हणजे स्वस्त औषध वाईट आहे?"

"नाही. चांगलं आहे. सगळे कागद मी वाचलेत. काहीही फरक नाही."

"मग?"

"मग काही नाही. मला भीती वाटली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्या कागदांना लागू पडत असेल, पण ह्यांनाच पडलं नाही तर?"

त्यांच्यावरचा माझा राग त्या उत्तराने गेला नाही, पण त्याला धार राहिली नाही. त्या महिन्यात त्यांनी समितीचं काम सोडलं. कारण विचारल्यावर वय सांगितलं. पण संशय मात्र सुटला नाही, उलट घरात शिरला. नर्सने कंपनीला कळवलं असेल. डॉक्टरला नंतर समजलं असेल. मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून नमस्कार केला, त्यात पाणी मुरत होतं. माझ्यावरही त्यांची नजर असायची. मी मॅडम लिमशी दोन वाक्यं जास्त बोललो की त्या कान टवकारायच्या.

आणि त्यानंतर तीन महिन्यांनी मॅडम लिमला सुईत दोरा ओवता येईना.

तोच आजार. डॉक्टरने तिला सवलतीतलं औषध सांगितलं आणि ती घाबरली. ब्लॉकमधल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की ते कॅन्सरचं औषध आहे, बाटलीतून थोडं थोडं ओतून विकतात. मी त्या संध्याकाळी काकूंची तांदळाची गोणी वर न्यायला म्हणून तळमजल्यावर थांबलो होतो. दगडी टेबलाशी मॅडम लिमने काकूंचा हात धरला.

"निमा, धिस चीप वन, गुड ऑर नॉट?"

"गुड," काकू म्हणाल्या.

"अंकल ऑल्सो टेक धिस वन?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "येस," त्या म्हणाल्या. "सेम."

"सेम वन, आह?"

"सेम वन."

मॅडम लिमने त्यांचा हात सोडला. मग म्हणाली, "ओके लाह. यू से गुड, मी टेक."

मी गोणी उचलली आणि लिफ्टकडे निघालो. मला त्या क्षणी काकूंशी बोलायची इच्छा नव्हती. खोटं बोलल्या, आणि ते कुणाशी, तर जी त्यांच्या शब्दावर डोळा टोचून घेणार होती तिच्याशी. औषध चांगलं होतं हे खरंच होतं. पण तिने औषधाबद्दल विचारलंच नव्हतं. तिने काकांबद्दल विचारलं होतं.

दुसऱ्या महिन्यापासून काकूंनी एक नवीनच उद्योग सुरू केला. रोज सकाळी सात वाजता त्या समोरच्या दारात उभ्या राहायच्या. मॅडम लिमला उजेडात आणायच्या, अंगठ्याने खालची पापणी ओढून डोळा बघायच्या. लाली आहे का, पाणी येतंय का, दुखतंय का. मग दुधाच्या खोक्यावरची बारीक तारीख वाचायला लावायच्या. रोज. शनिवार-रविवार, चिनी नवं वर्ष, दिवाळीची पहिली अंघोळ, काही सुटलं नाही. इंजेक्शनच्या दिवशी तिला स्वतः घेऊन जायच्या आणि सुई टोचताना हात धरून उभ्या राहायच्या. काका म्हणायचे, माझा डोळा हिने एवढा बघितला नाही.

मला विचाराल तर मी ह्याला प्रेम म्हणायला तयार नव्हतो. मला वाटायचं, ही खोट्यावर पहारा देतेय. त्या डोळ्याला काही झालं तर आपलं काय होईल, ह्या धास्तीने जातेय. लिफ्टमध्ये भेटल्यावर मी एकदा तोंडावरच विचारलं, "पेशंट बघून आलात की पुरावा?" चौथा मजला आला आणि मी उतरलो.

सहा-सात महिने गेले. एकदा दोघांची तपासणी एकाच दिवशी आली. काकांची नजर टिकली होती. पेपरातल्या ओळी सरळ झाल्या होत्या, अगदी बारीक अक्षर तेवढं जात नव्हतं. आणि मॅडम लिमने तक्त्यावरची एक ओळ काकांपेक्षा खालची वाचली. आकडे बिनचूक. डॉक्टर खूश झाली. काकूंनी तक्ता बदलून मॅडम लिमला पुन्हा वाचायला लावलं. मॅडम लिमने तोही वाचला.

दोन माणसांच्या डोळ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला काकूंनीच शिकवलं असतं. पण काका बाहेर येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "निमा, पुढल्या महिन्यापासून मला लिमवालं दे."

"अहो, पण चांगलं लागू पडतंय ना?"

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं तूच दिलंस. आता मी देतो. मला चालेल."

काकांना मी एवढं एका दमात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काकूंनी डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, मी पहिल्याच दिवशी तेच सांगत होते. आणि पुढच्या महिन्यापासून काकांनाही सवलतीतलं औषध सुरू झालं.

त्याच सुमाराला माझा नोकरीचा पास संपत आला आणि कंपनीने तो वाढवला नाही. पुण्याला परत जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही चौघं बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मोठ्या शेडखाली, नाश्त्याला बसलो. वाटेत काकू मला हळूच म्हणाल्या, "आज लिमला सांगणार आहे."

"आता कशाला?" मी म्हटलं. "आता तर दोघांचं औषध सेमच आहे. तुमचं खोटं खरं झालं की."

"आता सेम आहे म्हणूनच सांगते. इतके दिवस सेम नव्हतं."

कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आली. टोस्ट आले. काकांनी पेपर उघडला. काकूंनी पदर सारखा केला, चष्मा काढला आणि इंग्रजीत, एखादं निवेदन वाचावं तशा सुरात सांगितलं. तू विचारलंस तेव्हा मी सेम म्हणाले. सेम नव्हतं. ह्यांना मी महागडं औषध दिलं होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले.

मॅडम लिम कोपी ढवळत होती. ढवळून झाल्यावर चमचा बशीत ठेवला.

"आय नो लाह," ती म्हणाली. "अंकल टेल मी. लाँग टाइम ऑलरेडी."

काकू काकांकडे वळल्या. काकांनी पेपर थोडा वर उचलला.

"देन व्हाय यू कीप क्वाएट?" काकूंनी तिला विचारलं.

मॅडम लिमने तिच्या तुकड्यातुकड्याच्या इंग्रजीत जे सांगितलं ते असं होतं. "मी काय करणार होते? ते महागडं मला परवडत नव्हतं. घ्यायचं होतं ते हेच घ्यायचं होतं. त्याच संध्याकाळी मी अंकलना विचारलं, त्यांनी खरं सांगितलं. मला फार राग आला. मी तुला विचारायला तुझ्या दारापर्यंत आले होते. मग विचार केला, आता बोलले तर निमा माफी मागेल, दोन दिवस रडेल आणि मोकळी होईल. नाही बोलले तर तिला चैन पडणार नाही, ती माझा डोळा बघायला येत राहील. माझा मुलगा वर्षातून एकदा येतो. तू रोज आलीस. मग मी कशाला बोलू?"

हे बोलून तिने टोस्ट घेतला आणि कोपीत बुडवला.

काकूंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या. तीस वर्षं सूटवाल्यांसमोर बसलेली ही बाई, तिला शाळेच्या गणवेशाला टिपा घालणारीने गप्प राहून पुरतं कामाला लावलं होतं, तेही फुकटात. मला हसू येत होतं.

"खरं बोलतेय ना रे ही?" काकूंनी मला मराठीत विचारलं. "की मला बरं वाटावं म्हणून?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

मग त्यांनी पेपर बोटाने खाली केला. "अहो, आणखी काय काय सांगितलंय तुम्ही हिला?"

"फार नाही," काका म्हणाले.

परतताना दोघी पुढे चालत होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींमध्ये रोजच्यापेक्षा थोडं जास्त अंतर होतं. मी सातव्या मजल्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. दोन्ही दारं बंद झाल्याचा आवाज मी खाली येताना लिफ्टमधून ऐकला. मला वाटलं, झालं, आता हे मिटलं. खोटं संपलं तसा पहाराही संपला. काकूंना आता त्या दारात जायचं काही कारण उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी टॅक्सीत बॅगा टाकल्या. काकूंचा निरोप आदल्या दिवशीच घेतला होता. त्यांनी मला वाटेत खायला वड्या दिल्या होत्या आणि डब्यावर केल्याची तारीख चिकटवली होती. ड्रायव्हर डिकी बंद करत होता तेव्हा मी सहज वर बघितलं. सात वाजून गेले होते. सातव्या मजल्यावरच्या व्हरांड्यात कठड्याशी मॅडम लिम मान वर करून उभी होती, हातात दुधाचं खोकं. तिच्यासमोर टाचा उंचावून टिपणीस काकू उभ्या होत्या आणि अंगठ्याने पापणी ओढून डोळ्यात बघत होत्या. मी हात हलवला, हाकही मारली. दोघींपैकी कुणालाच ऐकू गेली नाही.